गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना पाळी: भरवसा कशावर ठेवायचा

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बऱ्याच जणी महिनाअखेरीला एकाच गोष्टीची वाट बघतात. पाळी आली की सुटकेचा श्वास, दोन दिवस लांबली की जिवाला घोर. गोळ्या न घेणाऱ्या बाईसाठी हा आडाखा बऱ्यापैकी खरा असतो. माला-एन, माला-डी किंवा त्या जातीची गोळी चालू असेल तर मात्र तो दोन्हीकडून फसवतो. पाळी वेळेवर येऊनही दिवस राहू शकतात, आणि एकही गोळी चुकली नसताना पाळी न येणे हा बहुधा निरुपद्रवी प्रकार असतो. म्हणून गोळीवर असताना पाळीची तारीख मोजण्याऐवजी पाकिटातल्या गोळ्या मोजाव्यात. त्या कशा मोजायच्या, चुकल्या तर काय करायचे आणि रक्तस्रावाचा अर्थ कसा लावायचा, हे पुढे क्रमाने दिले आहे.

गोळी शरीरात काय करते

गोळी नसताना दर महिन्याला एका बीजांडकोशात एक स्त्रीबीज पिकते आणि पुढची पाळी येण्याच्या साधारण दोन आठवडे आधी बाहेर पडते. गर्भाशयाचे अस्तर त्याच सुमारास जाड होते. गर्भ रुजला नाही की शरीरातले प्रोजेस्टेरॉन उतरते, अस्तर सुटते आणि पाळी येते.

माला-एनसारख्या एकत्रित गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन संप्रेरके असतात. ती रोज बाहेरून मिळत राहिली की मेंदूकडून बीजांडकोशाला जाणारा इशारा बंद पडतो आणि स्त्रीबीज पिकतच नाही. शिवाय गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव घट्ट होऊन शुक्रजंतूंची वाट अडते, आणि अस्तर पातळ राहते. संप्रेरकाच्या गोळ्या थांबल्या की दोन ते चार दिवसांत हे पातळ अस्तर गळून पडते. गोळीवरची पाळी ती हीच. स्त्रीबीज तयार झालेले नसतानाही ती येते. अस्तर पातळ असल्याने रक्त कमी जाते, दिवस कमी लागतात, पोटात दुखणेही कमी होते. ज्यांच्या अंगावरून एरवी फार जाते आणि त्यामुळे हिमोग्लोबिन उतरलेले असते, त्यांच्यासाठी हा मोठा फायदा आहे. रक्त 'आत साठून राहते' ही भीती निराधार आहे. अस्तर वाढलेच नाही तर साठायचे काय?

१९६० साली अमेरिकेत पहिली गोळी मंजूर झाली तेव्हाच मध्ये खंड ठेवून दरमहा रक्तस्राव होईल अशी मांडणी केली होती, म्हणजे बायकांना ते चक्र नेहमीसारखे वाटावे. आरोग्यासाठी हा खंड लागत नाही. ब्रिटनच्या कुटुंब नियोजन तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शनात तसे स्पष्ट लिहिले आहे.

पाकीट हातात घेऊन बघा

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ पांढऱ्या. प्रत्येकीत लेवोनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टिन ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल हे इस्ट्रोजेन ०.०३ मिलिग्रॅम असते. उरलेल्या ७ तपकिरी गोळ्या लोहाच्या, म्हणजे फेरस फ्युमरेटच्या. त्यांचा गर्भनिरोधाशी काही संबंध नाही. सवय मोडू नये आणि अंगात लोह जावे एवढ्याचसाठी त्या आहेत. त्या चालू असताना शौचाला काळसर होते, त्याने घाबरू नये. माला-डीमध्ये औषध तेच असते. माला-एन सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, माला-डी अल्प किमतीत.

दुकानात मिळणाऱ्या काही पाकिटांत फक्त २१ गोळ्या असतात, उदाहरणार्थ ओव्हरल-एल. त्या संपल्या की ७ दिवस काहीच घ्यायचे नाही आणि आठव्या दिवशी नवे पाकीट उघडायचे. काही पाकिटांत २४ संप्रेरकाच्या आणि ४ नुसत्या गोळ्या असतात. म्हणून आपल्या पाकिटात औषधाच्या गोळ्या नेमक्या किती आणि रिकाम्या कोणत्या, हे पहिल्याच दिवशी बघून घ्या. गोळी चुकल्यावर करायचा सगळा हिशेब त्यावरच उभा असतो.

पांढऱ्या गोळ्या नीट घेतल्या असतील तर तपकिरी गोळ्यांच्या आठवड्यातही संरक्षण चालू असते. त्या आठवड्यात संबंध आला तर चिंता नाही. अट एकच: पुढचे पाकीट ठरल्या दिवशी सुरू झाले पाहिजे.

सुरू करण्याआधी

रक्तदाब मोजून घ्या. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तो दोन मिनिटांत मोजून मिळतो. १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर इस्ट्रोजेन असलेली गोळी घेऊ नये. पुढीलपैकी काही असेल तरी ही गोळी आपल्यासाठी नाही, आणि ते डॉक्टरांपासून किंवा आशाताईंपासून लपवू नये:

- वय ३५ च्या पुढे आणि सिगारेट किंवा विडीची सवय
- पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, हृदयविकार किंवा पक्षाघात पूर्वी होऊन गेलेला
- अर्धशिशी, आणि ती सुरू होण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या रेषा दिसणे किंवा अंगाचा एखादा भाग बधिर होणे
- स्तनाचा कर्करोग, आत्ता किंवा पूर्वी
- कावीळ चालू असणे किंवा यकृताचा गंभीर आजार
- बऱ्याच वर्षांच्या मधुमेहाने डोळे, मूत्रपिंड किंवा नसांवर झालेला परिणाम
- अंगावर पिणारे बाळ सहा महिन्यांच्या आतले असणे

गुठळीची भीती खरी आहे, पण तिचा आकारही माहीत असावा. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० स्त्रियांमध्ये वर्षाला साधारण २ जणींना गुठळी होते. लेवोनॉरजेस्ट्रेलच्या गोळीवर हा आकडा ५ ते ७ आणि ड्रॉस्पिरेनोन या नव्या प्रोजेस्टिनच्या गोळीवर ९ ते १२ असतो. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत हा धोका त्याहूनही जास्त असतो. जुनी, स्वस्त, सरकारी गोळी म्हणजे कमी प्रतीची, असा समज दिसतो. गुठळीच्या बाबतीत तीच गोळी सरस आहे.

पहिली गोळी कधी घ्यायची

१. पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत पहिली पांढरी गोळी घेतली तर त्याच दिवसापासून संरक्षण मिळते.

२. त्यानंतर कोणत्याही दिवशी सुरू करता येते, मात्र दिवस गेलेले नाहीत याची खात्री हवी. अशा वेळी सलग ७ गोळ्या पोटात जाईपर्यंत निरोध वापरा किंवा संबंध टाळा. बीजांडकोश पूर्ण शांत व्हायला तेवढे दिवस लागतात.

३. गर्भपातानंतर त्याच दिवशी किंवा सात दिवसांच्या आत सुरू केली तर वेगळी काळजी घ्यावी लागत नाही.

४. बाळंतपणानंतर बाळ अंगावर पीत नसेल तरी पहिले तीन आठवडे थांबा. सिझेरियन, वाढलेले वजन किंवा रक्तदाब असेल तर आणखी थांबावे लागते. ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

गोळी कधीही घ्या, पण रोज एकाच वेळी. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी जाणवते. पाकीट देवघरापाशी किंवा फणीच्या डब्यात, जिथे हात रोज जातो तिथे ठेवा. मोबाइलचा गजर लावाच. घरात गोळ्यांबद्दल बोलता येत नसेल तर गजराला दुसरे कुठलेही नाव द्या.

नियमाने घेतली तर वर्षभरात १,००० जणींमध्ये जेमतेम ३ जणींना दिवस राहतात. प्रत्यक्षात, म्हणजे विसरत-विसरत घेतल्यावर, १०० मध्ये सुमारे ७ जणींना. औषध दोन्हीकडे तेच. हा सगळा फरक चुकलेल्या गोळ्यांचा आहे, म्हणून पुढचा भाग सावकाश वाचा.

गोळी चुकली तर

आधी एक हिशेब. समजा शेवटची पांढरी गोळी रविवारी घेतली. सोमवार ते रविवार तपकिरी गोळ्या झाल्या, बुधवारी पाळीही आली. नवे पाकीट पुढच्या सोमवारी उघडायचे होते; पण गौरी-गणपतीला गावी जायची गडबड, पाकीट घरीच राहिले, आणि पहिली गोळी घेतली गुरुवारी. 'तीनच तर गोळ्या चुकल्या' असे वाटते. बीजांडकोशाच्या दृष्टीने मात्र संप्रेरकाशिवाय सलग १० दिवस गेले. सात दिवसांपर्यंत तो झोपलेला राहतो, त्यापुढे स्त्रीबीज पिकायला लागते. सगळ्यात वाईट भाग हा की मध्ये पाळी येऊन गेल्यामुळे बाई निर्धास्त असते. गोळीवर असताना दिवस राहण्याची सगळ्यात मोठी फट हीच, पाकिटाची सुरुवात लांबणे. पाकिटाच्या मधोमध एखादी गोळी चुकणे त्यामानाने फारसे बिघडवत नाही.

आता एकेक प्रसंग.

_काही तास उशीर, किंवा एकच पांढरी गोळी चुकली._ आठवल्याबरोबर घ्या. त्या दिवशीची गोळी नेहमीच्या वेळी घ्या, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालतात. निरोधाची गरज नाही. थोडी मळमळ होईल, किंवा एखादा डाग पडेल, एवढेच.

_दोन किंवा अधिक पांढऱ्या गोळ्या सलग चुकल्या._ चुकलेल्यांपैकी शेवटची गोळी लगेच घ्या, बाकीच्या सोडून द्या. एकदम तीन-चार गिळू नका. त्या दिवसाची गोळी नेहमीच्या वेळी घ्या आणि पाकीट पुढे चालू ठेवा. पुढच्या सलग सात पांढऱ्या गोळ्या होईपर्यंत निरोध वापरा. या सातचा अर्थ साधा आहे: सात दिवसांच्या खंडाने बीजांडकोश जागा व्हायच्या बेतात येतो, सात गोळ्यांनी तो पुन्हा झोपतो.

यापुढे कोणता आठवडा चालू आहे ते बघायचे.

पहिल्या आठवड्यात, म्हणजे पहिल्या सात पांढऱ्या गोळ्यांमध्ये, चूक झाली असेल आणि मागच्या पाच दिवसांत संबंध आला असेल, तर पुढे सांगितलेली तातडीची गोळी घ्यावी; संबंधाला ७२ तास उलटून गेले असतील तर तांबीबद्दल डॉक्टरांना विचारावे. वर सांगितलेले गणपतीचे उदाहरण याच खणात बसते.

दुसऱ्या आठवड्यात, त्याआधीच्या सात गोळ्या नीट घेतल्या असतील तर तातडीच्या गोळीची गरज सहसा पडत नाही. निरोध मात्र सात दिवस वापरावा.

तिसऱ्या आठवड्यात चूक झाली तर तपकिरी गोळ्या घेऊ नका. पांढऱ्या संपल्या की दुसऱ्याच दिवशी नव्या पाकिटातली पहिली पांढरी गोळी घ्या. तपकिरी घेत बसलात तर चुकलेले दिवस आणि हा खंड मिळून मघाचाच लांब पल्ला तयार होतो. त्या महिन्यात पाळी येणार नाही. ती आपणच येऊ दिलेली नाही, हे लक्षात असू द्या.

_तपकिरी गोळ्या चुकल्या._ काही बिघडत नाही. चुकलेल्या टाकून द्या, नवे पाकीट मात्र ठरल्या दिवशी उघडा.

उलटी, जुलाब आणि दुसरी औषधे

गोळी घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी घ्या. ती पाकिटाच्या शेवटच्या पांढऱ्या गोळ्यांतून घेण्यापेक्षा जास्तीच्या पाकिटातून घ्यावी, म्हणजे वारांचा क्रम बिघडत नाही. घरात एक पाकीट जादा ठेवावे ते यासाठीच. उलट्या किंवा जोराचे जुलाब दोन दिवसांहून जास्त चालले तर तितक्या गोळ्या चुकल्या असे धरा आणि वरचे नियम लावा.

क्षयरोगाच्या उपचारातले रिफाम्पिसिन यकृताला इतके कामाला लावते की गोळीतली संप्रेरके झटपट निकामी होतात. क्षयाचे उपचार चालू असताना आणि ते संपल्यावरही चार आठवडे या गोळ्यांवर विसंबू नये. तांबी किंवा इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी बोला. फिट येण्यावरच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन, टोपिरामेट या औषधांचेही तेच. एचआयव्हीच्या काही औषधांनीही गोळीचा जोर कमी होतो. लॅमोट्रिजिनच्या बाबतीत प्रकार उलटा आहे: गोळीमुळे त्या औषधाचीच रक्तातली पातळी उतरते आणि फिट येऊ शकते. सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या अमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या अँटिबायोटिकने मात्र गोळीचा परिणाम जात नाही.

रक्तस्राव वेगळाच दिसला तर

पहिल्या तीन महिन्यांत मधूनच डाग पडणे अगदी नेहमीचे आहे. पातळ झालेले अस्तर अजून स्थिर झालेले नसते. गोळ्या चुकल्या नसतील तर या डागांमुळे संरक्षण कमी होत नाही. इथे एक चूक फार जणी करतात. डाग दिसला की 'पाळी आली' समजून पाकीट मध्येच थांबवतात किंवा नवे सुरू करतात. तसे करू नका. पाकीट आहे त्या क्रमाने चालू ठेवा. तीन महिन्यांनंतरही डाग थांबत नसतील, संबंधानंतर रक्त जात असेल किंवा पाळीसारखे भरभरून जात असेल तर तपासून घ्या. गर्भाशयाच्या मुखाचा आजार, जंतुसंसर्ग, गाठ अशी गोळीशी संबंध नसलेली कारणेही असतात.

पाळी फारच थोडी, म्हणजे दोन दिवस नुसते काळपट डाग एवढीच, असे झाले तर काही बिघडलेले नाही.

तपकिरी गोळ्यांच्या आठवड्यात काहीच आले नाही, तर स्वतःला तीन प्रश्न विचारा. या पाकिटातल्या दोन किंवा जास्त पांढऱ्या गोळ्या चुकल्या होत्या का? पाकीट उशिरा सुरू झाले होते का? उलट्या-जुलाब किंवा वर सांगितलेले एखादे औषध झाले का? तिन्हींचे उत्तर नाही असेल तर दिवस राहिले असण्याची शक्यता अगदी थोडी आहे; नवे पाकीट ठरल्या दिवशी सुरू करा. एकाचेही उत्तर हो असेल, किंवा लागोपाठ दोन महिने पाळी आली नसेल, तर लघवीची तपासणी करा. आशाताईंकडे 'निश्चय' नावाचे तपासणी किट मिळते. सकाळची पहिली लघवी घ्यावी. संबंधानंतर तीन आठवड्यांनी केलेल्या तपासणीचा निकाल खात्रीचा. गोळ्यांमुळे ही तपासणी चुकत नाही.

तपासणीचा निकाल येईपर्यंत पाकीट बंद करू नका. 'दिवस असतील तर बाळाला काही होईल' या धास्तीने गोळ्या थांबवतात आणि दिवस नसलेल्या बाईला खरोखर दिवस राहतात. नकळत या गोळ्या घेतल्या गेल्याने बाळात व्यंग आल्याचा पुरावा नाही. दिवस असल्याचे कळले की त्या थांबवायच्या.

पाळी पुढे ढकलायची असेल तर

घरातला गणपती, लग्नकार्य, वारी, परीक्षा अशा कारणांनी पाळी लांबवण्याची गोळी मागायला औषधाच्या दुकानात गर्दी होते. तिथे मिळते ती बहुधा नॉरइथिस्टेरोन, ५ मिलिग्रॅम. अपेक्षित पाळीच्या तीन दिवस आधीपासून दिवसातून तीनदा घ्यायची, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. ही गर्भनिरोधक गोळी नाही. ती चालू असताना संबंध आला आणि दिवस राहिले तर पाळी न येण्याचे कारण गोळीच समजली जाते आणि निदान आठवडेच्या आठवडे लांबते. शिवाय या मात्रेतल्या नॉरइथिस्टेरोनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. ज्यांना गुठळीचा धोका आहे त्यांनी ती दुकानातून परस्पर घेऊ नये.

माला-एन किंवा तशीच २१ सारख्या गोळ्यांची पट्टी चालू असेल तर या दुसऱ्या गोळीची गरजच नाही. पांढऱ्या संपल्यावर तपकिरी सोडून दुसऱ्याच दिवशी नव्या पाकिटातल्या पांढऱ्या सुरू करा. त्या चालू आहेत तोवर पाळी येत नाही, संरक्षणही अखंड राहते. मध्ये डाग पडू शकतात, म्हणून अगदी ऐन कार्याच्या महिन्यात पहिल्यांदा हा प्रयोग करण्यापेक्षा दोन-तीन पाकिटे आधी झालेली बरी. एक पाकीट जादा आणून ठेवा, बाकी काही लागत नाही.

छाया: वेगळ्या हिशेबाची गोळी

छाया ही आठवड्याची गोळी. हे औषध लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झाले आणि १९९१ मध्ये 'सहेली' नावाने बाजारात आले. सरकारी कार्यक्रमात ते 'छाया' नावाने मिळते. तिच्यात सेंटक्रोमन ३० मिलिग्रॅम असते. ते संप्रेरक नाही, त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. स्त्रीबीज बाहेर पडणे ती सहसा थांबवत नाही. गर्भ रुजण्याजोगे अस्तर होऊ देत नाही.

पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, दुसरी तीन दिवसांनी. रविवारी सुरू केली तर पहिले तीन महिने रविवार आणि बुधवार, चौथ्या महिन्यापासून फक्त रविवार. मधे पाळी येवो न येवो, वार बदलायचे नाहीत. माला-एनची सवय असलेल्या बायका दर पाळीला पहिल्यापासून मोजायला लागतात आणि इथे घोटाळा होतो.

गोळी सात दिवसांपर्यंत चुकली तर आठवताच घ्या, पुढच्या ठरल्या वारी घेत राहा आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवसांहून जास्त चुकली तर पुन्हा नव्याने, आठवड्यातून दोनदा याप्रमाणे तीन महिने.

छायावर पाळी लांबते आणि कमी येते, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत. अपेक्षित तारखेपेक्षा १५ दिवसांहून जास्त लांबली तर तपासणी करा. बीजांडकोशात पाण्याच्या गाठी असणाऱ्या, अलीकडे कावीळ होऊन गेलेल्या, क्षय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या बायकांना ही गोळी देत नाहीत.

नुसत्या प्रोजेस्टिनची गोळी

इस्ट्रोजेन चालत नाही अशांसाठी ७५ मायक्रोग्रॅम डेसोजेस्ट्रेलची गोळी असते. पाकिटातल्या सगळ्या २८ गोळ्या औषधाच्या, मध्ये खंड नाहीच. १२ तासांहून जास्त उशीर झाला तर दोन दिवस निरोध वापरा. खबरदारी म्हणून सात दिवस वापरला तर उत्तमच. हिच्यावर पाळीचा नेम राहत नाही. कुणाला महिनोन्महिने येत नाही, कुणाला सारखे डाग. दोन्हीत संरक्षण तेवढेच असते.

तातडीची गोळी

लेवोनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी, संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. ती स्त्रीबीज बाहेर पडणे पुढे ढकलते. ते आधीच बाहेर पडले असेल तर उपयोग होत नाही, आणि रुजलेला गर्भ ती पाडत नाही. तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणे हा याहून खात्रीचा उपाय आहे, आणि तो सरकारी रुग्णालयातही होतो.

ही गोळी घेतल्यावर चार-पाच दिवसांत थोडे रक्त गेले की 'साफ झाले' असे समजतात. त्या रक्ताचा तसा काही अर्थ नाही. खरी पाळी आठवडाभर आधी किंवा नंतर येऊ शकते. आठवड्याहून जास्त लांबली, किंवा नेहमीपेक्षा अगदीच कमी आली, तर तपासणी करा. पुढच्या संबंधाला ही गोळी पुरत नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रोजची गोळी सुरू करा आणि सात दिवस निरोध वापरा.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. पाळी चुकल्यावर दुकानातून 'पाळी आणायची गोळी' म्हणून मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉलचे किट परस्पर आणून घेऊ नका. ते गर्भपाताचे औषध आहे आणि कायद्याने नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत असेल तर त्या औषधाने तो पडत नाही. रक्त मात्र जाते, बाईला वाटते काम झाले, आणि इकडे नळी फुटायच्या बेतात असते. दिवस असल्याची शंका असताना पोटात एका बाजूला कळ येणे, चक्कर आणि थोडे रक्त, एवढे दिसले की ताबडतोब रुग्णालय गाठा.

थांबायचे तेव्हा

एका पोटरीला सूज येऊन दुखणे, अचानक धाप लागून छातीत दुखणे, पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी, दिसायला कमी होणे, बोलणे अडखळणे, डोळे पिवळे होणे: यातले काहीही झाले तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल, किंवा पायाला प्लास्टर घालून पडून राहावे लागणार असेल, तर गोळी चालू असल्याचे आधीच सांगा.

मूल हवे म्हणून थांबवणार असाल तर पाकीट पूर्ण करून थांबा. तारखांचा हिशेब सोपा जातो. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम तेव्हापासूनच सुरू करा. गोळी अंगात साठून राहत नाही. बहुतेकींचे स्वतःचे चक्र एक ते तीन महिन्यांत परत येते, आणि पहिली खरी पाळी येण्याआधीच स्त्रीबीज बाहेर पडलेले असू शकते. म्हणून गोळी बंद केली आणि मूल तर नको आहे, असे असेल तर 'पाळी येऊ दे, मग बघू' म्हणून थांबू नका. दुसरे साधन त्याच दिवसापासून हवे. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेणाऱ्यांना मात्र शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. गोळी थांबवल्यावर तीन महिने पाळी आली नाही तर आधी लघवीची तपासणी, ती नकारात्मक आली तर थायरॉइड आणि बीजांडकोशाची तपासणी करून घ्या. गोळीमुळे पाळी नियमित दिसत होती, म्हणून आधीपासूनचा एखादा बिघाड इतके दिवस झाकून राहिला असण्याचा संभव असतो.